मिस कॉल

फॉर्मवर एक रकाना आहे:
तंबाखू, मिश्री, विडी-सिगारेट. हो की नाही.
मी विचारते, बायका नाही म्हणतात,
मी नाहीवर टिक करते.
अठरा वर्षं, चंदननगरचा दवाखाना,
त्या रकान्यात पेन कधी अडखळलं नाही.

शर्वाणी डुंबरे. चौथा महिना.
माहेर ओतूर, नोकरी खराडीत, रात्रपाळी.
तीही नाही म्हणाली.
तोंडात वेलदोडा, बोटांना लिंबाचा साबण,
आणि दोन्हींच्या खालून धूर,
लोकरीत मुरतो तसा.

पेन थांबलं. तिनं ते पाहिलं.
"ह्यांना सांगणार का?"
म्हटलं, नवऱ्याचा रकाना आहे,
पण त्यात नुसतं नावच लिहितात.
हसली नाही. मग हसली.
दिवसाला सात, म्हणाली. आधी बारा होत्या.
लग्नाआधी सोडणार होते, मग दिवाळीनंतर,
मग दोन रेघा दिसल्या त्या दिवशी.
आणि त्याच दिवशी नऊ ओढल्या, सिस्टर. भीतीनं.

टेबलावर काळ्या फुप्फुसाचा तक्ता उभा असतो.
तो मी पालथा घातला.

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
तलफ चढते तशी उतरते, पाचेक मिनिटं लागतात,
रागावू नका, तारीख ठरवा.
बुधवार ठरला.
माझा नंबर दिला.
ओढावंसं वाटलं की मिस कॉल दे,
मी उचलणार नाही, तू बोलायचं नाही,
मी उलटून एक रिंग देईन.
तेवढ्यात थोडी तरी सरेल.

बुधवारी अकरा. गुरुवारी चौदा.
शुक्रवारी पहाटे साडेतीनला एक,
आमचे हे कुशीवर वळून म्हणाले, कोण ही बया?
शनिवारी एकही नाही,
तेव्हाच मला कळलं.

सोमवारी आली, फरशीकडे बघत.
तीन, म्हणाली.
टपरीवर सगळी टीम होती,
कुणीतरी न विचारताच पेटवून हातात दिली.
म्हटलं, तीन म्हणजे सात नाहीत.
पुन्हा बुधवार.

तिला न सांगितलेलं:
बामच्या रिकाम्या डबीत माझी मिश्री असते.
रविवारी तव्यावर स्वतः भाजते, खिडकी उघडून,
शेजारीण खोकते, मी मिरच्या भाजतेय म्हणते.
बोट फिरवल्याशिवाय पोट साफ होत नाही,
हे माझ्या आईचं वाक्य, तिच्या आईचंही.
धाकटीच्या वेळी नवव्या महिन्यापर्यंत
हे बोट काळं होतं.
एक किलो नऊशे.
ड्यूटीवर असते तर मीच तिला काट्यावर ठेवलं असतं,
आकडाही मीच लिहिला असता.
कारणाचा रकाना त्या वहीत नाही.
आता अकरावीला आहे. सायकलनं जाते.
चढावर दम लागतो तिला.
सगळ्यांनाच लागत असेल.

दुसरा बुधवार, सकाळी सहा.
डबी उघडी, बोट डबीवर.
दुसऱ्या हातानं मी शर्वाणीला मिस कॉल दिला.
वेडीनं उचलला.
"मी नाही ओढली, सिस्टर! तुम्ही का वाजवलं?"
मी गप्प.
"सिस्टर?"
मग सांगितलं. डबीचं, बोटाचं, एक किलो नऊशेचं.
पलीकडे कॅबमधला रेडिओ, नगर रोडचे हॉर्न,
बराच वेळ तेवढंच.
मग म्हणाली,
"ठेवा फोन. मी रिंग देते."

आज सातव्याचं कार्ड समोर आहे.
वजन वाढलंय, ठोके नीट आहेत.
मिस कॉल दिवसाला पाचेक, दोघींचे मिळून,
कुणाचे किती ते मोजायचं सोडलं.
त्या रकान्यात हो लिहिलं नाही, नाहीही नाही,
पेन्सिलीनं फक्त वार लिहिलाय.
डबी फडताळात आहे अजून.
टाकली म्हणून खोटं सांगणार नाही.
झाकण लावलेलं आहे,
आज सकाळपासून.